विनाकारण निळे

सोलापुरात कोणाच्या डोक्यावर काही वेगळे दिसले, तर "कसे दिसते?" असे कोणी बोलत नाही; "काय झाले?" असे विचारतात. त्या प्रश्नात कुतूहल असते, थोडी काळजीही असते आणि या दोहोंच्या खाली एक पक्के गृहीत असते, ते असे की केस उगीच बदलत नाहीत. त्यामागे देव असतो, मयत असते, आजार असतो, नाहीतर सिनेमा असतो. गेल्या नोव्हेंबरात, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, मी डोक्याची डावी बाजू कानाच्या वरपर्यंत मशीनने बारीक करून घेतली आणि उरलेले खांद्यापर्यंतचे केस निळे केले. निळे म्हणजे उन्हात तेवढी झाक मारणारे नव्हेत. मोरचुदाच्या खड्यासारखे, रस्त्याच्या पलीकडून दिसणारे. त्या संध्याकाळी दार उघडणाऱ्या माझ्या पतींनीही "काय झाले?" असेच विचारले, आणि मी गाडीवरून पडले असावे अशा समजुतीने आधी माझ्या कोपरांकडे पाहिले.

आम्ही पूर्व भागात राहतो. आमच्या गल्लीतील निम्म्याहून अधिक घरांत तेलुगू बोलतात आणि वर्षाकाठी कोणी ना कोणी तिरुपतीला जाऊन केस देऊन येतेच. तिरुमलाच्या कल्याणकट्ट्यावर डोक्याचा गोटा करून आलेल्या बाईला आमच्याकडे कोणी वळूनही पाहत नाही, फार तर "दर्शन नीट झाले का?" एवढे विचारतात आणि लाडवाचा तुकडा मागून घेतात. ज्यांना सगळे केस देणे जमत नाही त्या बायका "मूडु कत्तेर" देतात, म्हणजे नुसत्या तीन कात्री. शेजारच्या काकूंनी माझ्या डाव्या बाजूवरून हळूच हात फिरवला आणि हा तीन कात्री व पूर्ण गोटा यांच्या मधला काही नवा प्रकार असावा असे ठरवून टाकले. "एक बाजू यंदा दिली, दुसरी पुढल्या वर्षी का?" त्यांनी अगदी मनापासून विचारले. निळ्या रंगाचे काय, हे त्यांनी बहुधा व्यंकटेशावरच सोडले असावे.

दुसरा तर्क याहून अवघड होता. बँकेत ओळखीच्या एका बाईंनी मला रांगेतून बाजूला घेतले, माझा हात दोन्ही हातांत धरला आणि अगदी हलक्या आवाजात विचारले, "बार्शीला दाखवलं का?" आमच्या जिल्ह्यात "बार्शीला" एवढे म्हटले की कर्करोग हा शब्द उच्चारावा लागत नाही. मला हसू आले नाही. ज्या घरांतून लोक खरोखर बार्शीच्या खेपा घालतात, तिथल्या बायकांच्या डोक्यावरून गेलेल्या केसांची आणि माझ्या हौसेची त्या काउंटरजवळ अशी गाठ पडेल, हे माझ्या ध्यानीमनी नव्हते. मी ठीक आहे हे त्यांना पटवायला मला पाच मिनिटे लागली, आणि पटल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर सुटकेआधी किंचित राग दिसला. तो राग मला समजला. त्यांची माया फुकट गेली होती.

केस मी सात रस्त्याजवळच्या एका लहानशा पार्लरमध्ये करून घेतले. करणारी मुलगी विडी घरकुलातून येते. तिची आई अजून विड्या वळते आणि शाळेत असताना तीही वळत असे. एकेक बारीक बट वेगळी काढायची, तिला ब्रशने लेप लावायचा, ती फॉइलमध्ये गुंडाळायची आणि शेवटी फॉइलचे तोंड अंगठ्याच्या नखाने आत दाबून बंद करायचे, हे ती ज्या सफाईने करत होती तो थेट विडीचे तोंड मिटण्याचा हात होता. मी तसे म्हटल्यावर ती हसली. "तिथं हजार विड्यांवर पैसे मिळायचे अक्का, इथं डोक्यावर मिळतात," ती म्हणाली. मग तिनेही विचारलेच: घरात काही कार्य आहे का, की मुलीने आग्रह केला? मी "असंच" म्हटले, तेव्हा आरशातली तिची नजर क्षणभर माझ्यावर थांबली आणि पुन्हा फॉइलकडे गेली.

काळ्या केसांवर निळा रंग दिसत नाही. आधी काळे घालवावे लागते. केसाचा काळेपणा मेलॅनिन नावाच्या रंगद्रव्याचा असतो आणि ते केसाच्या आतल्या थरात असते. बाहेरचे खवल्यांचे आवरण अल्कलीने उघडायचे आणि हायड्रोजन पेरॉक्साइडने आतले रंगद्रव्य विरवायचे, असे ते काम असते. पेरॉक्साइडच्या बाटलीवर २०, ३० किंवा ४० व्हॉल्यूम असे लिहिलेले असते; म्हणजे त्यात अनुक्रमे ६, ९ आणि १२ टक्के पेरॉक्साइड असते. चाळीसच्या बाटलीला तिने मला हातही लावू दिला नाही. घाई केली तर केस कंगव्यात येतील असे सांगून तिने वीसनेच, आठ दिवसांच्या अंतराने, दोनदा काम केले. पहिल्या दिवशी केस विटकरी झाले, मग नारिंगी. दुसऱ्या खेपेला पिकल्या केळ्याच्या सालीची आतली बाजू असते तसे फिकट पिवळे. निळा त्यावर बसला. मधले आठ दिवस मी नारिंगी डोके घेऊन हिंडले आणि त्या आठ दिवसांत स्कार्फ एकदाही सोडला नाही, हे इथे कबूल केले पाहिजे. सोलापुरात त्याची सोय आहे. धूळ आणि ऊन यांच्यामुळे इथल्या स्कूटरवरच्या निम्म्या बायकांचे डोळे तेवढे उघडे असतात, आणि ४३ अंशांच्या उन्हाळ्यात तर तोंड झाकलेल्या बाईला तिचा सख्खा भाऊही ओळखत नाही.

हे पेरॉक्साइड मला नवे नव्हते. अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीतील एका टॉवेलच्या कारखान्यात मी निर्यातीची कागदपत्रे पाहते आणि माझ्या टेबलापासून प्रोसेसिंगचे दार साठ पावलांवर आहे. कोरे सूत पाण्यात टाकले तर तरंगते, कारण कापसाच्या अंगचे मेण त्याला भिजू देत नाही. कॉस्टिकमध्ये उकळून ते मेण काढतात, मग पेरॉक्साइडने सूत पांढरे करतात आणि त्यानंतर त्याला हवा तो रंग देतात. माझ्या डोक्यावर जे झाले ते यापेक्षा वेगळे नव्हते. फरक एवढाच की सुताला उकळता येते. रंग किती पक्का आहे हे पाहण्यासाठी आमच्या प्रयोगशाळेत टॉवेलचा तुकडा पांढऱ्या कापडाबरोबर धुतात आणि पांढऱ्यावर किती डाग उतरला ते पाहून १ ते ५ असा दर्जा देतात. ५ म्हणजे डाग नाही. माझ्या केसांना प्रयोगशाळेतील मुलाने, मी न विचारता, १ दिला. तो बरोबर होता. घरातले दोन पांढरे टॉवेल, एक उशीचा अभ्रा आणि पतींचा एक बनियन महिनाभरात निळसर झाला. महापालिकेचे पाणी चार-पाच दिवसांआड येते आणि मधल्या दिवसांत बोअरच्या जड पाण्यावर भागवावे लागते, त्यामुळे रंग जायला वेळ लागत नाही. निळा उतरू लागला की खालचा पिवळा वर येतो, आणि निळा अधिक पिवळा म्हणजे काय होते ते शाळेत सगळ्यांना शिकवतात. तिसऱ्या आठवड्यात माझे केस उन्हाळ्यातल्या सिद्धेश्वर तलावाच्या पाण्यासारखे दिसू लागले होते.

परदेशातून खरेदीदार यायचे होते तेव्हा एका वरिष्ठांनी मला बोलावून, अतिशय आदबीने, त्या दिवसापुरती डोक्यावरून ओढणी घेता येईल का असे विचारले. मी घेतली. पाहुण्यांनी माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. त्यांचा सगळा जीव टॉवेलच्या काठाजवळ सुटलेल्या लूपांत अडकला होता. ओढणी का घेतली, हा राग मला चार दिवस पुरला. वरिष्ठांवरचा अर्ध्या तासात गेला. उरलेला स्वतःवर होता.

याच कारखान्यात पॅकिंगला एक बाई आहेत. त्यांच्या डोक्यात जट आहे. मानेपासून निघून पाठीवर उतरलेला, दोरखंडासारखा घट्ट, विंचरता न येणारा तो केसांचा गुंता त्या पदराखाली अंबाड्यासारखा गुंडाळून ठेवतात. केस विंचरले गेले नाहीत, मळ आणि तेल साचले, की गुंता होतो आणि वाढत जातो. त्यात देवीचा काही हात नसतो, हे अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते गावोगाव सांगतात आणि अनेक बायकांच्या जटा त्यांनी सोडवल्याही आहेत. पण पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीच्या डोक्यात गुंता दिसला आणि घरच्यांनी सौंदत्तीच्या यल्लम्माचे बोलावणे आले असे म्हटले, तर पुढे त्या मुलीला कोण विचारतो? जट ओली झाली की वाळायला दोन दिवस लागतात, मान अवघडते आणि कुशीवर झोपता येत नाही, असे त्यांनी मला जेवणाच्या सुट्टीत, डब्यातली शेंगाचटणी माझ्या भाकरीवर घालता घालता सांगितले. मग माझ्या डाव्या बाजूकडे पाहून म्हणाल्या, "तुमचं बरं हाय अक्का. तुमाला पायजे तवा लावताव, नको तवा काढताव." त्यांच्या बोलण्यात हेवा नव्हता, टॉवेलच्या गठ्ठ्यात किती नग आहेत ते सांगावे तसे त्यांनी सांगितले. कापून टाकू या, मी तुमच्याबरोबर येते, असे मी म्हणाले. त्यांनी मान हलवली. सासू आहे तोवर नको, असे त्यांचे म्हणणे पडले. त्यांची सासू माझ्या आईच्या वयाची आहे आणि ठणठणीत आहे.

त्यानंतरच्या मंगळवारी कन्ना चौकाजवळ पोतराज दिसला. कमरेला रंगीबेरंगी खणांचा घागरा, कपाळावर हळदीचा मळवट, कमरेपर्यंत मोकळे सोडलेले केस आणि हातात कोरडा. बाजूला त्याची बायको डोक्यावर मरीआईचा देव्हारा घेऊन उभी. एक धट्टाकट्टा पुरुष भर बाजारात घागरा घालून, केस सोडून स्वतःच्या अंगावर आसूड ओढत होता आणि भाजी घेणाऱ्या बायका त्याच्या सुपात नाणी टाकून मेथीच्या जुड्या निवडत होत्या. कोणीही "काय झाले?" असे विचारत नव्हते. या शहरात केसांचे वैचित्र्य कमी आहे असे मुळीच नाही. गोटे आहेत, जटा आहेत, जावळे आहेत, नवसाच्या शेंड्या आहेत. एके काळी गल्लीगल्लीत बच्चन कट होते. यांतल्या प्रत्येकाजवळ दाखवायला काहीतरी पावती असते. माझ्याजवळच ती नव्हती. पोतराजाने सूप माझ्यापुढे केले, डोक्याकडे नीट पाहिले आणि धंद्यातल्या माणसाने धंद्यातल्या माणसाला विचारावे तसे विचारले, "कुठल्या देवीचं गं माय?"

मी दहाची नोट सुपात ठेवली आणि काही न बोलता पुढे गेले. खरे सांगायचे तर तोवर मी पुष्कळांना पुष्कळ उत्तरे देऊन बसले होते. आत्याला नवस सांगितला होता. वरिष्ठांना, डोक्यावर चट्टा उठल्याने डॉक्टरांनी एक बाजू कापायला सांगितली असे सांगितले होते. गल्लीत मुलीवर ढकलले होते. ती पुण्यात असल्यामुळे तिला कोणी विचारायला जाणार नव्हते. सर्वांत उपयोगी पडले ते वडिलांचे कारण. माझे वडील एका लहान डायहाऊसमध्ये रंगारी होते. निळीच्या हौदातून लच्छी वर काढली की ती आधी पिवळट हिरवी असते आणि दांडीवर हवा लागता लागता डोळ्यांदेखत निळी होत जाते, ते मी सहा-सात वर्षांची असताना त्यांच्या सायकलजवळ उभी राहून पाहिले आहे. त्यांच्या नखांतला निळा रविवारीही जात नसे. हे सांगितले की ऐकणाऱ्याचा चेहरा मऊ पडे आणि डोळे ओलावत. दोघी-तिघींनी तर "मग शोभतंय हो" असेही म्हटले. ही हकीकत अक्षरशः खरी आहे. फक्त पार्लरच्या खुर्चीत बसताना ती माझ्या मनात नव्हती. मी तिथल्या रंगांच्या तक्त्यावर तो निळा पाहिला, मला तो फार आवडला आणि मी बोट ठेवले. एवढेच घडले होते. वडिलांची आठवण नंतर, उत्तर हवे म्हणून आली. हे ध्यानात आल्यावर मी ती सांगणे बंद केले. मेलेल्या माणसाला आपल्या हौसेचा जामीन ठेवणे मला बरे वाटले नाही.

आईपुढे मात्र कोणतेच कारण चालले नसते. ती चौऱ्याहत्तर वर्षांची आहे आणि गेली तीस वर्षे महिन्यातल्या दोन रविवारी काळी मेंदी लावून, डोक्यावर जुने वर्तमानपत्र गुंडाळून गॅलरीत बसते. त्या पुडीत मेंदी नावापुरती असते. काळा रंग येतो तो रसायनाचा, आणि पूर्वी दोनदा त्यानेच तिचे कपाळ सुजले होते. चौऱ्याहत्तराव्या वर्षी कुळकुळीत काळे केस हा निसर्गाला माझ्या निळ्याइतकाच अमान्य प्रकार आहे. पण तिला आजवर एकाही माणसाने "काय झाले?" असे विचारलेले नाही. मी हे तिला ऐकवले. तिने वर्तमानपत्राची कड सारखी केली आणि म्हणाली, "मी लावते ते लोकांनी बघू नये म्हणून. तू लावतेस ते बघावं म्हणून. एकच कसं होईल?" मला त्यावर उत्तर सुचले नाही आणि अजूनही सुचलेले नाही. लोकांनी बघावे असे मला वाटत होते का? संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात मी पुन्हा निळा भरून घेतला, त्या अर्थी वाटत असावे.

सिद्धेश्वराच्या जत्रेला, म्हणजे गड्ड्याला गेलो तेव्हा होम मैदानावर पाय ठेवायला जागा नव्हती. नंदीध्वजांच्या मिरवणुकीत चालून आलेली पांढऱ्या बाराबंदीतली माणसे, पाळण्यांवरच्या किंकाळ्या, तळणीचा वास, धूळ. त्या गर्दीत दोन पोरे माझ्या मागे आली आणि त्यांतला एक ओरडला, "ए निळू फुले!" माझे पती रागाने वळले; मी मात्र इतकी हसले की मला थांबावे लागले. अडीच महिन्यांत केसांवर ऐकलेले ते पहिले वाक्य होते, ज्यात कसलीही चौकशी नव्हती.

मशीनने बारीक केलेली बाजू तीन आठवड्यांत वाढते. केस महिन्याला सेंटीमीटरभर वाढतात. लांब केसांत ते कळत नाही, पण बारीक कापलेल्या बाजूवर लगेच कळते. पार्लरमधली मुलगी बहिणीच्या लग्नासाठी गावी गेली होती आणि तिच्याखेरीज तिथल्या कोणाला मशीन चालवता येत नव्हते. शेवटी एका बुधवारी दुपारी मी आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या पुरुषांच्या सलूनची पायरी चढले. आत दोघे जण बाकावर वर्तमानपत्राची पाने वाटून घेऊन वाचत होते. दोन्ही पाने खाली आली. गल्लीतल्या किती बायकांनी आजवर ती पायरी चढली असेल, याचा विचार मी खुर्चीपर्यंतच्या चार पावलांत केला आणि मला १८९० सालचे मुंबईचे न्हावी आठवले. विधवांच्या डोक्यावरून वस्तरा फिरवायचे पाप आम्ही करणार नाही, असे त्यांनी ठरवले. पुढाकार गिरणी कामगारांचे नेते नारायण मेघाजी लोखंडे यांचा होता. ज्या बायकांना कोणी काही विचारले नव्हते त्यांच्या वतीने नाही म्हणणारे हे लोक वस्तरा हातात असलेले होते, याचे मला नेहमीच नवल वाटत आले आहे. हे सगळे अर्थात मी मनातल्या मनात म्हटले.

दुकानदार साठीचे आहेत. माझ्या वडिलांचे केस ते कापत असत आणि शेवटच्या आजारात दाढी करायला घरीही येत. त्यांनी मला ओळखले की नाही, हे चेहऱ्यावरून कळेना. त्यांनी खुर्ची झटकली, माझ्या गळ्याभोवती पांढरे कापड बांधले, निळे केस उजवीकडे घेऊन चिमट्याने अडकवले आणि कानामागची वाढ दोन बोटांनी उलटी चाचपून पाहिली. आता येईल म्हणून मी आरशात त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिले. त्यांनी खणातून मशीनचे कंगवे काढून एका ओळीत मांडले.

"कितीचा लावू?" त्यांनी विचारले.

"दोनचा."

त्यांनी दोनचा कंगवा लावला, बटण दाबले आणि बाकावरच्या दोघांना पंखा जरा इकडे फिरवायला सांगितला.